पंचवीस गुणांचा माणूस

मी रणगाडा. घाबरू नका, तुमच्या घराला धक्का लागणार नाही. माझं सगळं बळ पडद्याच्या आतलं. लढाईचा खेळ खेळत असाल तर आपली गाठ कधीतरी पडलीच असेल. आणि पडली असेल तर स्पष्टच सांगतो, मला तुमची किळस आली असेल.

जन्माने मी असा तुसडा नव्हतो. खेळ बनवणाऱ्या एका ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलावर मला ताईंनी घडवलं. तिथे सगळे त्यांना ताईच म्हणत. माझ्या पट्ट्याची एकेक कडी त्यांनी वेगळी काढली. गंज कुठे चढेल, चिखल कुठे उडेल, याचा विचार करत आठवडे घालवले. वर एक झाकण बसवलं. रणगाडा निकामी झाला की चालकाने त्यातून बाहेर यायचं, हात वर करायचे, आणि खेळणाऱ्याने त्याला सोडून पुढे जायचं, असं ठरलं होतं.

चालकाला चेहरा हवा होता. अशा ऑफिसात चेहऱ्यासाठी लांब जात नाहीत. जो समोर सापडेल त्याला खुर्चीत बसवून चारी बाजूंनी फोटो काढतात. सापडले दारावरचे पहारेकरी काका. बिचारे तासभर मान न हलवता बसले. शरण आलात असं समजा, म्हटल्यावर त्यांनी इतक्या मनापासून हात वर केले की सगळे हसले, आणि काकाही हसले.

मग ती चूक झाली. गुण बरोबर मोजले जातात का, हे तपासायला पडद्यावरच्या प्रत्येक माणसाला मारण्याचे पंचवीस गुण लावून ठेवले होते. शरण आलेल्याचे नंतर काढायचे होते. खेळ बाजारात आणायची तारीख अलीकडे आली आणि ते राहून गेलं.

लोकांना दोन दिवसांत त्याचा वास लागला. समोरचा रणगाडा फोडायला घाम गाळावा लागतो. हात वर करून उभ्या असलेल्या माणसावरून जायला काहीच लागत नाही. चांगली शिकलेली, घरात देवमाणूस म्हणवून घेणारी माणसं मला मागे घेऊन पुन्हा त्याच्यावरून नेतात. का, तर हाडांचा आवाज छान वठलाय म्हणे. माझ्या पट्ट्यांत काय काय अडकतं ते सांगत नाही, तुम्ही जेवत असाल. ताईंनी साहेबांना चूक दाखवली. साहेबांनी खेळणाऱ्यांचे वाढते आकडे पाहिले आणि लोकांना आवडतंय तर राहू द्या म्हणाले. मला ओकता आलं असतं तर त्यांच्या टेबलावरच ओकलो असतो.

काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आपण खेळात आहोत, एवढंच त्यांनी घरी कौतुकाने सांगितलं. सुट्टीच्या दुपारी जावयाने टीव्हीला खेळ जोडला, सगळे समोर बसले. त्याच्या हातात मीच होतो. समोरचा, माझ्याच साच्यातला रणगाडा फुटला, त्याचं झाकण उघडलं आणि काका बाहेर आले. मुलीने टाळ्या वाजवल्या. जावयाचा अंगठा सवयीने पुढे दाबला गेला. पडद्यावर पंचवीसचा आकडा उमटला. जावई ओशाळला, काका उगीच हसले, आणि काकू उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी काका ताईंच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"ताई, मी हात नीट वर केले नव्हते का?"

काका गेल्यावर ताईंनी मला उघडलं आणि कुणाला न विचारता एक सूचना आत लिहिली: हात वर केलेला माणूस समोर आला की इंजिन बंद. गेले नऊ दिवस मी थांबतोय. कितीही दाबा, शिव्या घाला, जागचा हलत नाही. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस मला स्वतःची शिसारी आली नाही.

रणगाडा बिघडलाय, अशा तक्रारींचा ढीग पडला. साहेबांनी दुरुस्ती करायला सांगितली. ताईंनी साफ नकार दिला, तेव्हा मला शेजारच्या टेबलावर पाठवलं. तिथला माणूस आत्ता ती सूचना शोधतोय. त्याला ती सापडेल; हुशार आहे तो.

संध्याकाळपासून मी पुन्हा चालणार. तेव्हा अंगठा तुमचा असेल. तो जरा उचललात, तर मी जागीच उभा राहीन आणि तो म्हातारा माझ्या बाजूने चालत निघून जाईल.