व्हर्नेलमावशीने घर सोडलं नव्हतं

"बसमध्ये बसवलंस मला?" व्हर्नेलमावशीने कादंबरीची कच्ची प्रत टेबलावर आपटली. "माझं घर त्या मेल्याच्या घशात घालून मी निघून गेले?"

रोलंडा कपाळाला हात लावून बसली. अमेरिकेत सेंट लुईसच्या काळ्या वस्तीतल्या या विटांच्या घरात मावशी पुढच्या खोलीत बायकांचे केस करायची. रोलंडाची पहिली कादंबरी तिच्यावरच बेतलेली होती.

खरी हकीकत साऱ्या गल्लीला पाठ होती. मावशीचा नवरा अर्ल पिऊन आला की हात उचलायचा. एका शनिवारी तो बाहेर असताना मावशीने त्याचे कपडे खोक्यांत भरून व्हरांड्यात मांडले, दाराचं कुलूप बदलून घेतलं आणि आत जाऊन गिऱ्हाइकाचे केस सरळ करायला घेतले. अर्ल दार बडवायला लागला तेव्हा खिडकीतून एवढंच म्हणाली, "हळू. आत गिऱ्हाईक आहे." समोरच्या घरांतून माणसं बघत होती. शेवटी खोकी उचलून तो गेला.

रोलंडाने हेच लिहिलं होतं. पण न्यूयॉर्कची संपादक मेरेडिथ फोनवर म्हणाली, "छान आहे, पण वाचकाला भरारी हवी. ती त्याच घरात, त्याच चर्चमध्ये राहते. मग सुटली कशातून?"

"नवऱ्याच्या मारातून सुटली."

"हो गं, पण मोठ्या अर्थाने? चर्चचाही थोडा जाच दाखवता येईल?"

"कुलूप बदलणाऱ्याला चर्चमधल्या बायकांनीच आणलं होतं, मेरेडिथ."

असं महिनोन् महिने चाललं. शेवटी रोलंडा थकली. एका पानात नायिकेला पहाटेच्या बसमध्ये बसवून तिने विषय संपवला.

"कादंबरी आहे, मावशी," ती आता म्हणाली. "तुझं नावसुद्धा नाही त्यात."

"नाव नाही, पण हनुवटीवरचा तीळ आहे ना! तीळ ठेवलास आणि घर काढून घेतलंस."

रोलंडाने तिथूनच फोन लावला. "शेवट पहिल्यासारखा करायचाय."

"आता? मुखपृष्ठसुद्धा तयार आहे. पाठमोरी बाई, लांब रस्ता, वर पक्षी."

"आम्हा काळ्या बायकांच्या पुस्तकांवर दरवेळी पक्षी कशाला लागतो?"

"लोकांना पटकन कळतं."

"काय कळतं?"

मेरेडिथ छपाईच्या तारखा सांगू लागली. पुस्तक परत घेईन म्हणून रोलंडाने धमकावलं, तेव्हा कुठे ती नमली. शेवट बदलला. पक्षी मात्र हलला नाही.

पुस्तक आल्यावर चर्चच्या सभागृहात वाचन झालं. मावशी जांभळी टोपी घालून पहिल्या रांगेत बसली होती. रोलंडाने कुलपाचा प्रसंग वाचला आणि सभागृह खदखदून हसलं. मग गावाबाहेरच्या वाचनमंडळातली एक गोरी बाई उठली. डोळे भरून आले होते तिचे.

"फार हलवून टाकणारं आहे. पण ती पळून का जात नाही?"

रोलंडाने तोंड उघडलं, पण ती बोलायच्या आत मावशी उभी राहिली. "बाई, घर माझं होतं. पळायचं असेल तर त्याने पळावं. आणि तो गेलाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईने मान हलवली आणि अगदी मायेने विचारलं, "पण तुम्हाला कधी मुक्त व्हावंसं नाही वाटलं?"

मावशीने रोलंडाकडे वळून पाहिलं. "हिने पुस्तक वाचलंय ना?"

"वाचलंय, मावशी."

"मग आता मी काय करू?"

रोलंडाला हसावं की रडावं कळेना. त्या बाईला ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली: घर कोणाचं होतं, कुलूप कोणी बदललं, बाहेर कोण गेलं. बाई मान डोलवत होती. मावशीने जरा वेळ ऐकलं, मग टोपी सारखी केली आणि पीच फळाचा भाजलेला गोड ‘पाय’ संपायच्या आत खाऊन घ्यावा म्हणून मागच्या टेबलाकडे निघून गेली.