अक्षरांतलं कुंकू

“आई, हा टाईपरायटर गाऊन राह्यला वं!”

मित्रांनो, हा आवाज पुष्पीचा. आमच्या कचेरीत पाणी भरणाऱ्या विमलबाईंची ती सहा वर्षांची लेक. मी एक जुना, काळा, लोखंडी टाईपरायटर आहे. कुठे घडलो, कोणत्या गाडीनं मलकापूरला उतरलो, सारं धूसर झालं. तो आवाज मात्र अजून कानात आहे. माझ्या खडखडाटाला गाणं म्हणणारी ती एकटीच.

माझ्यापुढे भाऊराव बसत. बोटं मऊ, मायाळू. दर खांडेनवमीला ते मला झेंडूचं फूल वाहत. एका वर्षी नवरात्रात कचेरीत नवं सायक्लोस्टाईल मशीन आलं. फीत बाजूला सारून मी मेणकागदावर अक्षरं कोरायची, आणि त्यातून शाई पाझरवून त्यानं शंभर प्रती काढायच्या. जुन्या-नव्याची सोयरीकच ती! म्हणून भाऊरावांनी त्या खांडेनवमीला माझ्या एकेका अक्षराला ओलं कुंकू लावलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तार आली. पटकीची साथ. विहिरीत औषध पडेपर्यंत पाणी उकळून प्या, ही सूचना साठ गावांना त्याच दिवशी धाडायची होती. भाऊरावांनी मेणकागद चढवला. पण कुंकू वाळून माझी अक्षरं बुजली होती. कागदावर नुसते वळ उठले. नव्या मशीनमधून कोरे कागद पडत राहिले.

“या बुढ्याले भंगारात घाला!” हेडक्लार्क महादेवराव ओरडले. “नव्यासंग चालणं होत नाही त्याच्यानं.”

दिवसभर त्यांनी नव्या मशीनची शाई बदलली, रूळ आवळला. माझ्याकडे कोणी वाकून पाहिलं नाही. हातानं लिहिलेल्या दहा प्रती जवळच्या गावांना गेल्या. बाकीच्या गावांची शेवटची एस.टी. तशीच निघून गेली.

सकाळी भाऊरावांनी माझ्यावर ब्रश फिरवला. लाल भुगा टेबलावर सांडला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि फुंकर मारली. मग प्रती भराभर निघाल्या.

“काल काय झालं होतं भाऊराव?” कचेरीच्या साहेबांनी विचारलं.

“जुना झाला साहेब. कधी चालते, कधी नाही.”

दसऱ्याला पुष्पी आजोळी गेली होती. त्या गावात आमचा कागद पोचला, तेव्हा लोक तिला मातीआड करून परतत होते.

मला अडगळीत टाकलं. तिथं विमलबाई झाडायला आल्या, की माझ्यावर झाडू आपटत. “बोल ना मेल्या! तवा काऊन मुका झाला होता?”

मित्रांनो, यंत्राला फुलं वाहा, पण त्याची अक्षरंही पुसत जा. आणि चूक झाली तर ती मुक्याच्या माथी मारू नका.

सतरा वर्षांनी भाऊराव निवृत्त झाले. निरोपाचा हार गळ्यात तसाच घेऊन अडगळीच्या दारात उभे राहिले. आत झाडू आपटला.

“विमलबाई, त्याले मारू नका.”

“काऊन? माही पोर खाल्ली यानं.”

भाऊरावांनी हार काढला. माझ्या गंजल्या पाठीवर हात ठेवला.

“यानं नाही, बाई. याच्या अक्षरात कुंकू म्या भरलं होतं. मले दुसऱ्याच दिवशी समजलं होतं.”