ओली रेघ

"अकरा फेब्रुवारी दोन हजार वीस." सुकन्यानं लॅपटॉप कस्तुराबाईंकडे वळवला. "या दिवशी तळ्याचं पाणी एकदम चार सेंटिमीटर उतरलंय. पाणी सोडलेलं नाही, आणि जुन्या उपग्रहाच्या नोंदीत ही पायरी दिसतच नाही. त्या दिवशी मोजपट्टीला काय झालं होतं, मावशी?"

कस्तुराबाई पडद्यावरच्या रेघेकडे बघत राहिल्या. उत्तर पाटबंधारे खात्याच्या मल्लिनाथ साहेबांनी दिलं.

"म्हैस घासली असंल हो मॅडम. आमच्याकडच्या म्हशींना पाण्यात दुसरं काय दिसतच न्हाई. पट्टी दिसली की पाठ खाजवून घेतेत."

सुकन्या हसली. ती लातूरची होती आणि समुद्राची उंची मोजणाऱ्या नव्या उपग्रहावर काम करत होती. दोन महिन्यांनी तो आकाशात जाणार होता. त्याचं यंत्र खरं बोलतंय का, हे तपासायला रोज हातानं मोजलेलं संथ पाणी हवं होतं. मुखेड तालुक्यातलं हे तळं त्यासाठी निवडलं होतं, कारण इथं सव्वीस वर्षांत एकही दिवस चुकलेला नव्हता. सगळ्या नोंदींखाली एकच नाव होतं, कस्तुराबाईंचे नवरे किशनराव.

किशनराव आत खाटेवर होते. सहा वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली, तो दिवस अकरा फेब्रुवारीचाच. जीपमध्ये घालताना त्यांनी डाव्या हातानं तळ्याकडे बोट केलं होतं. दीर त्यांना घेऊन नांदेडला गेला. नवऱ्याबरोबर जायचं सोडून ही मागं राहिली, असं गाव अजून म्हणतं. तेव्हापासून रोज सकाळी आठला कस्तुराबाई पट्टी वाचत होत्या आणि वहीत नवऱ्याचं नाव लिहीत होत्या. घरी आलं की ते विचारायचे, "किती?" त्या आकडा सांगायच्या. मल्लिनाथांना हे ठाऊक होतं. किशनरावांचा पगार त्यावर चालू होता आणि नोकरीची दोनच वर्षं उरली होती.

"पट्टी हलली असेल तर सोपं आहे," सुकन्या म्हणाली. "त्या तारखेपासूनच्या प्रत्येक नोंदीत मी चार मिळवते."

"म्हंजी त्या चुकीच्या?" कस्तुराबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"दुरुस्त करायच्या."

"अन् आधीच्या?"

"त्या बरोबर आहेत."

कस्तुराबाईंनी स्वतःच्या बोटाकडे बघितलं. "चार म्हंजी बोटाची दोन पेरं. एवढ्यानं काय होतंय बाई, समुद्राला?"

"समुद्र वर्षाला साधारण चार मिलिमीटर चढतोय, मावशी. दोन पेरं म्हणजे दहा वर्षांचा समुद्र."

सुकन्यानं बोटं कळफलकावर ठेवली. "मग म्हैसच लिहू?"

"म्हैस न्हाई," कस्तुराबाई म्हणाल्या.

"वहिनी," मल्लिनाथ हळू आवाजात म्हणाले, "दोनच वर्षं राहिलीत त्यांची."

"हाव साहेब. मोजूनच राहिले मी." मग त्या सुकन्याकडे वळल्या. "त्या दिवसापासून मी वाचते. ह्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून ह्ये बांधावरून बघायचे. लाट चढून जाती, पट्टी वर ओली ऱ्हाती. बांधावरून ती ओली रेघ अन् पाणी एकच दिसतंय. मी खाली उतरते, पाण्याला बोट लावून वाचते. माझ्यात काय मिळवू नको. मिळवायचं न्हाई, आधीच्यातून काढायचं."

आत खाट करकरली.

सुकन्या बराच वेळ टाइप करत होती. जाताना तिनं विचारलं, "नोंदीत वाचणाऱ्याचं नाव लागतं. तुमचं पूर्ण नाव सांगता?"

त्या रात्री किशनराव भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आकडा विचारला नाही, त्यानंतरही नाही. महिन्याभरानं खात्याचं पत्र आलं. किशनरावांचं नाव कमी झालं आणि पट्टी वाचायला नरसिंग नावाचा माणूस मोटारसायकलवर येऊ लागला. कस्तुराबाई मात्र रोज आठला तळ्यावर जात राहिल्या, धुणं घेऊन.

उपग्रह सुटायच्या सकाळी सुकन्याचा फोन आला तेव्हा त्या गुडघाभर पाण्यात होत्या. तिनं पाठवलेलं चित्र फोनवर थांबत थांबत चाललं. धूर दिसला, मग पांढरी रेघ, मग नुसतंच आभाळ.

"गेला, मावशी."

"नीट गेला का?"

"नीट गेला. तीन आठवड्यांनी तो तुमच्या तळ्यावरून जाईल."

बांधावर मोटारसायकल थांबली. नरसिंगनं गाडी बंदसुद्धा केली नाही. बसल्या जागेवरून डोळे बारीक करून त्यानं वही मांडीवर घेतली.

"किती हाय रे?" कस्तुराबाईंनी खालून विचारलं.

"पाच मीटर साठ."

"खाली उतरून बघ की बाबा."

"चिखल हाय मावशी," म्हणून तो निघून गेला.

कस्तुराबाईंनी पट्टीला बोट लावलं. मग धुणं पिळून त्या घरी आल्या. किशनराव भिंतीकडेच बघत होते. त्या दोरीवर लुगडं टाकू लागल्या.

"किती?"

त्यांचा हात दोरीवरच थांबला. "पाच छप्पन."

"अन् त्यानं?" जड जिभेनं किशनरावांनी विचारलं.

"साठ लिवलं."

भिंतीवरून त्यांची नजर निघाली नाही. डावा हात तेवढा चादरीवर हलला.

"चार जास्ती," ते म्हणाले.