मोनालीचा सावरडो

बायकोले डोहाळे लागले का लोकं कैऱ्या आणते, चिंचा आणते. आमच्या मोनालीले काय लागले? सावरडो! म्हणजे बिना यीस्टचा, आंबवलेल्या पिठाचा ब्रेड. पुण्यात नोकरीले होती तवा खायची म्हणे. आता आमच्या दिग्रसच्या बेकरीत पाव भेटते, खारी भेटते. सावरडो म्हटलं तं दुकानदार मलेच विचारते, "काय व्हय ते?" अन् इकडं मोनालीच्या पोटात दुसरं काही टिकेना. सातव्या महिन्यात तिचा भाऊ येऊन तिले बाळंतपणासाठी राजूरले नेणार होता. मंग किती महिने मी इथं एकटा! त्यात तिले अशी अर्धपोटी धाडायची? माह्या डोक्यात सणक गेली.

"जायच्या आधी मी खाऊ घालतो तुले," म्हटलं. "माह्या हातचा!"

बोलून तं बसलो. मी मोटार रिवायंडिंगवाला संघदीप. पंखे, कूलर, पंप सांगा. पण कणकीले कधी हात लावला नव्हता.

मोबाईलवर एक गोरा बाबा शिकवत होता. बरणीत कणीक अन् पाणी कालवा, आंबू द्या, रोज अर्धं फेका अन् उरलेल्यात नवं पीठ घाला. फेका म्हटल्याबरोबर माय उठली. माय म्हणजे धुरपताबाई. तिच्यासमोर भाताचं शीत सांडायची सोय नाही.

"पीठ फेकतं? अन्न व्हय ते! मी जिती हावो तवरक तं नाही."

मंग काय, फेकलं नाही. रोज नवं पीठ पडत गेलं. बरणीचा डबा झाला, डब्याची बादली झाली. एवढ्या पिठाले मी मूठभर कणीक देऊन राह्यलो, ते फुगंल कायले? पहिला ब्रेड विटेसारखा निघाला. मोनालीनं दातानं तोडून पाह्यला अन् दातच चाचपला.

शेवटी तोड मायनंच काढली. फेकायच्या अर्ध्या पिठाचे धिरडे. सकाळी धिरडे, संध्याकाळी धिरडे. गल्लीतले पोट्टे आमचं दार पाहून पळू लागले, पण पीठ वाया गेलं नाही अन् बरणीतलं जोरात फुगू लागलं.

दुसऱ्या खेपेले गोऱ्यानं सांगतलं, मळलेला गोळा रात्रभर ओट्यावर ठेवा. ठेवला. आमच्याकडं मे महिना! सकाळी पाहतो तं गोळा परातीतून उतरून गॅसच्या शेगडीखाली गेलेला. मी मोबाईलवरच ओरडलो, "अबे, दिग्रसले येऊन ठेव ना ओट्यावर!" मोनाली पोट धरून हसली. कितीक दिवसांनी हसली बाप्पा, म्हणून मले रागही पुरता करता आला नाही.

मंग पीठ कूलरसमोर ठेवलं. आम्ही तिघं अंगणात घाम पुसत बसलो अन् घरात एकटं पीठ थंडी हवा खाऊन राह्यलं.

भाऊ यायच्या दिवशी पहाटे मी जाड बुडाच्या गंजात गोळा ठेवला, झाकण लावलं, वर निखारे. उघडलं तं काय सांगू! मस्त फुगलेला, वरून तडकलेला, तांबूस. मी मायले हाका मारत नाचलोच. मोनाली न्हाणीघरात होती. म्हटलं, येऊ दे साडी नेसून, तवर थंड होईन.

तेवढ्यात जीप आली. मोनालीचा भाऊ राजदीप अन् त्याचा ड्रायव्हर, दोघंही राजूरहून उपाशी निघालेले. घरात काही नवं झालं का आधी पाहुणा, मंग शेजारी, मंग घरचे. आमच्याकडं असंच चालते. मायनं ताटल्या काढल्या. मी छाती फुगवून कापत गेलो. "भाऊजी, एक नंबर! अजून एक द्या," राजदीप म्हणे. माय पदराखाली तुकडे घेऊन चार घरी वाटून आली.

मोनाली साडी नेसून बाहेर आली तवा ताटात नुसता चुरा होता.

राजदीपनं तोंडातला घास चावणं बंद केलं. मी कपाळावर हात मारून घेतला. जिच्यासाठी एवढं केलं तिलेच इसरलो, असा मी येडा!

मोनालीनं बोटानं चुरा टिपला, जिभेवर ठेवला. डोळे मिटले.

"तोच हाये," ती म्हणाली. मंग खांद्यावरची पर्स काढून खुंटीले अडकवली. "दादा, आज मी येत नाही. परवा ये."

"अवं, माय वाट पाहून राह्यली तिकडं! काय सांगू तिले?"

"सांग, पीठ आंबून राह्यलं म्हणाव."

"जाऊ नको" हे दोन शब्द महिनाभर माह्या तोंडी येऊन येऊन परत जात होते. आता दोन दिवस तं दोन दिवस, पण ती थांबत होती. मी तिथंच उभा, हसतही होतो अन् बाहीनं डोळेही पुसत होतो.

"पाहता काय असे?" मोनाली म्हणाली. "पीठ काढा."