टायपिंग थांबलं की

"चुकलं तरी चालेल, बाबा. तुम्ही नुसतं भरत जा."

"चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, त्यात काही चुकलं नाही. आता काय चुकणार?" बाबांनी चष्मा पुसला आणि एका बोटाने टाइप करायला घेतलं.

दवाखान्याच्या वेबसाइटवर माणसाने काय केलं की सर्व्हरला निरोप जातो, याच्या नोंदी मुलगी करायची. बाबांनी त्या कामाचं बारसं केलं होतं: चुगल्यांची यादी. ऑफिसातली मंडळी फॉर्म झरझर भरून मोकळी होत, म्हणून आज ती सावकाश टाइप करणारं हक्काचं माणूस गाठून बसली होती.

मनात मात्र दुसरंच घोळत होतं. दूरच्या शहरातल्या नोकरीला आज संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. "एकटे राहाल ना?" असं तिने महिन्यात दहादा तरी विचारलं असेल. "मला काय धाड भरलीय?" हे उत्तर ठरलेलं.

टेबलाच्या पलीकडे तिच्या लॅपटॉपवर सर्व्हरला जाणारा एकेक निरोप उमटत होता. नाव, वय, सगळं सुरळीत चाललं होतं. मग बाबा एका प्रश्नापाशी अडले: घरी सोबत कोण असतं?

दोन शब्द लिहून त्यांचं बोट थबकलं. 'पाठवा' हे बटण न दाबताच तिच्यासमोर ओळ आली: कोणी नाही.

ती चमकली. म्हणजे टायपिंग जरा थांबलं की मजकूर आपसूक जातो! झरझर लिहिणाऱ्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. ती खुशीत नोंद करू लागली, तोच पुढच्या ओळी आल्या.

मुलगी होती.

मुलगी येते अधूनमधून.

संध्याकाळी फार.

मुलगी.

"झालं," बाबा म्हणाले. "मुलगी असते, असं लिहिलंय."

तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "बाबा, खोडलेलंही इकडे येतं."

"सगळं?"

"सगळं."

बाबा ओशाळले. "पुसून टाक की मग. बोट घसरलं माझं."

"चारदा?"

त्यावर त्यांना हसूच आलं.

"मी जात नाही," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? जायचं. फक्त संध्याकाळी फोन करत जा. सहाच्या सुमाराला घर खायला उठतं गं."

एवढं ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलले होते. तिने फोनवर रोजचा सहाचा गजर लावला.

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. चौकटीतलं 'मुलगी' खोडलं. एकेक अक्षर शोधत 'एकटा राहतो' असं लिहिलं, नीट वाचून पाहिलं आणि 'पाठवा' दाबलं.