कुलपातला जर्मन शब्दकोश

मी एक जुना जर्मन-मराठी आणि मराठी-जर्मन शब्दकोश आहे. जुना म्हणजे वयाने. वापराचं म्हणाल, तर परवापरवापर्यंत माझी कितीतरी पानं एकमेकांना चिकटलेली होती.

मित्रांनो, पुण्याच्या छापखान्यात माझी बांधणी झाली तेव्हापासूनच मला घाई. कोण मला उघडेल, कोणता शब्द आधी शोधेल, असं झालं होतं. जर्मन शिकवणाऱ्या सुलक्षणा मॅडमनी मला विकत घेतलं आणि एसटीत मांडीवर ठेवून तळेगाव ढमढेऱ्याच्या हायस्कुलात आणलं. तिथे मला खाकी कव्हर घातलं, त्यावर प्लास्टिक, त्यावर नंबरची चिठ्ठी, आणि मग काचेच्या कपाटाला कुलूप. मुलं खराब करतील म्हणून. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "पुस्तक अगदी नव्यासारखं ठेवलंय." मॅडम खूश झाल्या. माझा मात्र जळफळाट झाला.

मॅडम वाईट नव्हत्या. मुलांसाठी जीव टाकायच्या. प्रत्येक शब्दाचा अर्थ त्या स्वतःच फळ्यावर लिहायच्या आणि मुलं उतरवून घ्यायची. कुणी वेगळा शब्द विचारला, की "तो परीक्षेला नाही" म्हणून पुढे जायच्या. शब्द माझ्या पोटात, मुलं हातभर अंतरावर, आणि मध्ये काच. काखेत कळसा अन् गावाला वळसा. मी आतल्या आत नुसता चुळबुळत होतो.

हा जर्मनचा वर्ग एका कारखान्याच्या मदतीवर चालतो. या वर्षी तिथल्या जर्मन बाई भेटीला येणार होत्या. मुलांना बोलता आलं तर वर्ग चालू राहील, नाहीतर बंद, असं मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं. मॅडम घाबरल्या. त्यांनी हजेरीच्या क्रमाने प्रत्येकाला एकेका प्रश्नाचं उत्तर पाठ करायला दिलं.

बाई आल्या आणि नेमकी मागच्या बाकापासून सुरुवात केली. दत्ताला त्यांनी नाव विचारलं. त्याने छाती पुढे काढून जर्मनमध्ये सांगितलं, "आमच्या शाळेत आठ वर्ग आहेत." प्रांजलला वय विचारलं, तर ती म्हणाली, "भीमा नदी मोठी आहे." बाई गोंधळल्या. मॅडम घाईघाईने हजेरीपट चाळू लागल्या. वर्ग गेला, असं मलाही वाटलं.

तेवढ्यात अपेक्षा उठून कपाटाशी आली. दहावीतली ही पोर, घरी शेवंतीची शेती.

"मॅडम, किल्ली द्या."

"अगं, पाहुण्यांसमोर काय हे? खाली बैस."

"पाठ केलेलं संपलं, मॅडम. आता गप बसलो तर वर्ग जाईल. मी हुडकते की. चुकलं तर चुकू द्या."

मॅडमनी किल्ली दिली. अपेक्षाने मला घाईने उघडलं, एक पान टर्रकन फाटलं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. एकेक शब्द वेचून तिने मोडकंतोडकं वाक्य जुळवलं. तुमच्या घरी फुलं कोणती? बाई तिच्या बाकावर येऊन बसल्या आणि सावकाश बोलू लागल्या. बघता बघता मुलांनी गराडा घातला. "सरक की, कांदा कुठं हाय ते बघू दे," असं म्हणत सगळे मला ओढू लागले. वर्ग चालू ठेवायला सांगूनच बाई गेल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी खडू हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. म्हणाल्या, "आज काय शिकायचं, ते तुम्ही सांगा." मुलं सवयीने वह्याच उघडून बसली. मुलांना असं कधी कुणी विचारलंच नव्हतं. मी बाकावर पडून तळमळत होतो. शेवटी मागून दत्ताचा आवाज आला.

"मॅडम, नाव इचारल्यावर आपलं नाव कसं सांगायचं?"

मॅडमनी काहीच लिहिलं नाही. मला उचलून त्याच्यासमोर ठेवलं आणि शेजारी बसल्या.

मित्रांनो, पुस्तकं जपा, पण कुलपात नको. आणि मनात आलेलं शोधायला कुणाच्या हुकमाची वाट पाहू नका. माझं फाटलेलं पान जोडायचंच असेल, तर इथेच बाकावर बसून जोडा. तास चालू आहे आणि दत्ता अजून शोधतो आहे.