वरचे बूच

भर दुपारी, आपल्याच जुन्या पिकअपखाली उताणे पडून, चौकटवाले एका बुचाला शिव्या देत होते. मुलगी ऐकू जाईल इतक्या जवळ असती तर त्यांनी ही भाषा वापरली नसती. पण ती घरात सामान बांधत होती, आणि बूच तर ऐकायलाही तयार नव्हते.

चौकटवाले हे त्यांचे नाव नव्हे. चित्रांना आणि आरशांना लाकडी चौकटी करून देण्यात त्यांची हयात गेली होती. चारही कोपरे बिनचूक जुळल्याखेरीज त्यांनी एकही चौकट दुकानाबाहेर जाऊ दिली नाही, म्हणून गल्लीने हे नाव दिले आणि त्यांनीही ते, वरवर कुरकुरत, मिरवले. चौकटी पोचवण्यासाठी घेतलेल्या त्या पिकअपवर त्यांचा जीव होता. त्यामुळे मुलीला दूरच्या शहरात नोकरी लागली आणि ती सहज म्हणाली, "मी एखादा टेम्पो ठरवते," तेव्हा त्यांना ते भलतेच झोंबले.

"घरात गाडी असताना भाड्याचा टेम्पो? तुला मी सोडणार. मी स्वतः!"

विषय तिथेच संपला होता. मुलीला आज संध्याकाळच्या आत नव्या खोलीची किल्ली घ्यायची होती, आणि तिला तिथवर आपल्या हाताने, आपल्या गाडीतून न्यायचे, याखेरीज गेल्या आठवडाभर चौकटवाल्यांच्या मनात दुसरे काही नव्हते. मात्र पिकअपच्या मागच्या आसातून अलीकडे घुरघुर येऊ लागली होती. दोन्ही मागच्या चाकांना फिरवणारी दातेरी चक्रे ज्या लोखंडी पोटात असतात, त्या डिफरन्शियलमधले तेल कैक वर्षांत कोणी बदललेले नव्हते.

"अहो, चालतेय ना? मग चालू द्या," बायको सकाळी म्हणाली होती. "आजच्या दिवशी काही उघडू नका."

"आज लांब जायचे आहे, म्हणूनच आज उघडायचे. उद्या उघडून त्याचा उपयोग काय?"

"तुमच्याशी बोलण्यात तरी काय उपयोग!" असे म्हणून ती आत गेली, आणि वाद आपण जिंकला अशी चौकटवाल्यांची समजूत झाली.

खालचे बूच एका हिसक्यात सुटले. काळेकुट्ट तेल घमेल्यात पडले, शेवटचा थेंबही ओघळून गेला. त्यांनी बूच पुसले, नवा वायसर घालून घट्ट बसवले. मग नवे तेल घालण्यासाठी त्यांनी वरच्या बुचाला हात घातला. आणि ते हलेना.

चूक कुठे झाली हे त्यांना त्याच क्षणी कळले, आणि म्हणूनच संताप अनावर झाला. चौकटीच्या धंद्यात आधी जुने चित्र काढायचे, मग नवे बसवायचे. दुसरा क्रम संभवतच नाही. तोच क्रम हातांनी इथे आपण होऊन पाळला. ज्या वाटेने भरायचे ती वाट उघडते की नाही, हे रिकामे करण्याआधी पाहावे, असे त्या हातांना कोणी शिकवलेच नव्हते. आता गाडीच्या पोटात थेंबभर तेल नव्हते, आणि तशी ती चालवणे म्हणजे तिचा जीव घेणे होते.

"भाऊजी, डावीकडेच फिरवताय ना?" मेहुण्याने विचारले. बहिणीकडे जेवायला आलेला हा गृहस्थ जेवून झाल्यापासून चाकाशेजारी स्टूल टाकून बसला होता.

"मी इथे उताणा पडलोय. माझी डावी बाजू कोणती आणि बुचाची कोणती, हे तू स्टुलावरून ठरवणार?"

"विचारलं आपलं. नाहीतर तुम्हीच घट्ट करून ठेवायचे."

बुचाच्या तोंडाला चौकोनी खाच होती आणि त्या मापाची चावी घरात नव्हती. मेहुण्याने पेटी उपसून एक षट्कोनी चावी काढली. "ही बघा. जवळजवळ बसतेय."

हा शब्द चौकटवाल्यांनी आपल्या दुकानात कधी खपवून घेतला नव्हता. 'जवळजवळ' म्हणणाऱ्या एका कारागिराला त्यांनी एकदा तासभर कोपरा म्हणजे काय ते समजावले होते. पण आज घड्याळ पुढे पळत होते. त्यांनी चावी घातली, जोर वाढावा म्हणून तिच्यावर लोखंडी नळी चढवली आणि दोन्ही पाय चाकाला टेकून जोर केला. कर्रकन आवाज आला.

"सुटलं!" मेहुणा ओरडला.

सुटले नव्हते. खाचेचे चारही कोपरे झिजून गोल झाले होते.

मेकॅनिकला फोन केला. "वरचं आधी सोडून नाही पाहिलं?" असे त्याने विचारलेच. "आता त्याच्यावर नट वेल्ड करावा लागेल. उद्या सकाळी येतो. तोवर गाडी हलवू नका."

फोन ठेवून चौकटवाले पुन्हा गाडीखाली सरकले, ते केवळ बायकोच्या नजरेला नजर द्यावी लागू नये म्हणून. तेवढ्यात मेहुण्याला सुचले की आसाच्या माथ्यावर हवा सुटण्यासाठी एक लहानसे टोपण असते. ते काढले तर त्या भोकातून तेल ओतता येईल. कल्पना बरोबर होती, आणि ती मेहुण्याची होती, हे चौकटवाल्यांना विशेष लागले.

टोपण निघाले. मेहुण्याने नरसाळे उंच धरले, चौकटवाल्यांनी त्याला जोडलेल्या रबरी नळीचे टोक भोकाशी दाबून धरले, आणि मधासारखे दाट तेल मुंगीच्या पावलांनी आत उतरू लागले.

"जातंय का?" वरून प्रश्न आला.

"जातंय."

"मग इथे काहीच कमी का होत नाहीये?"

"तू गप्प धर रे नुसता!"

बराच वेळ गेला. हाताला रग लागली, मानेवर घामाचे ओघळ आले. मग चाकाशेजारी मुलीच्या चपला दिसल्या.

"बाबा, अजून किती वेळ?"

"होतच आलंय."

"मामा, खरं सांग."

"बाटलीचा गळा नुकताच रिकामा झालाय," मामाने खरे सांगितले.

"बाबा, किल्ली देणारे सहानंतर थांबणार नाहीत. मी पिशवी घेऊन बसने पुढे जाते. सामान उद्या येईल, तुम्ही आणा किंवा टेम्पोने पाठवा."

"टेम्पोचं नाव काढू नकोस! बस नसतेच आता."

"आहे. पंधरा मिनिटांत."

"ती बस दहा ठिकाणी थांबते. त्यापेक्षा मी…" पुढचे वाक्य त्यांना जुळेना. नळी सोडता येत नव्हती, मान वळवता येत नव्हती. आणि ज्या मुलीला आपण स्वतः सोडणार होतो, तिच्या टाचा फाटकाकडे जाताना तेवढ्या दिसत होत्या. आईशी चाललेले बोलणे ऐकू आले, मग फाटकाची कडी.

चौकटवाल्यांनी नळी सोडली आणि कोपरांवर सरपटत ते बाहेर आले.

"भाऊजी, अहो नळी! सगळं तेल फरशीवर येतंय!"

"येऊ दे."

त्यांनी तिला कोपऱ्यावर गाठले. पिशवी घ्यायला हात पुढे केले आणि तसेच मागे घेतले; ते मनगटापर्यंत काळे होते. तिने पिशवीचा बंद त्यांच्या कोपरात अडकवला. दोघे चालू लागले.

"मुळात बूच तिथे बसवायलाच नको होतं," ते म्हणाले. "हात कसा पोचणार, याचा विचार कोणी केला होता का?"

"हं."

"आणि तुझा मामा म्हणे, जवळजवळ बसतेय!"

"बाबा, चावी फिरवली कोणी?"

ते आणखी चिडले आणि भराभर पावले टाकू लागले. थांब्यावर पोचले तोच बस आली. तिने पिशवी काढून घेतली, पायरीवर चढून वळली आणि म्हणाली, "उद्या या. कशानेही आलात तरी चालेल."

कशानेही! या शब्दाचे खंडन त्यांनी तिथल्या तिथे मनात रचायला घेतले: आधी गाडीची बाजू, मग बापाची, आणि शेवटी टेम्पोचा पुरता निकाल. तिने खिडकीतून हात हलवला. त्यांचे वाक्य पुरे होईतो बस वळणापलीकडे गेली होती, आणि काळाकुट्ट हात वर करून ते रिकाम्या थांब्यावर एकटेच उभे होते.